दोन ओळींच्या जाहिराती

नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवरून आमचं साप्ताहिक निघायचं. खाली छापखाना, वर आम्ही चौघं. १९९०च्या दशकाची सुरुवात होती. खिळे जुळवणाऱ्यांचं काम नुकतंच संपलं होतं. डीटीपीचा एकच संगणक होता, आणि त्यावरून निघालेल्या मजकुराच्या पट्ट्या आम्ही मंगळवारी रात्री कापून चिकटवत बसायचो. बुधवारी पहाटे गठ्ठे बांधले जायचे, काही विक्रेत्यांकडे आणि काही पोस्टात. ते साप्ताहिक बंद पडून आता खूप वर्षं झाली. त्याचं नाव फार थोड्यांना आठवेल, म्हणून इथे देत नाही. मला बोलायचं आहे ते त्याच्या शेवटून दुसऱ्या पानाबद्दल.

त्या पानावर फक्त छोट्या जाहिराती असायच्या. खोली भाड्याने देणे आहे, नोकरदार मुलींना प्राधान्य. हार्मोनियम विकणे आहे. नववी-दहावी गणिताची घरगुती शिकवणी. देवगड हापूस, खात्रीचा. पौरोहित्यासाठी भेटा. माणसं अरुंद जिना चढून यायची, वहीच्या कागदावर लिहून आणलेला मजकूर द्यायची आणि शब्द मोजून पैसे भरायची. त्यांच्याकडून पैसे घेणारे आमचे काका प्रत्येकाला पावती फाडून द्यायचे. कुणी दोन शब्द जास्त लिहिले असतील तर ते कसे गाळता येतील हेही सांगायचे. आम्ही लिहिणारी मंडळी त्या पानाकडे बघायचोही नाही. साप्ताहिक म्हणजे अग्रलेख, शोधलेख, नाटकाचं परीक्षण आणि फार तर वाचकांची पत्रं, एवढंच आमच्या डोक्यात होतं.

ते पान हळूहळू रिकामं होत गेलं. आधी लग्नाच्या जाहिराती गेल्या, मग खोल्यांच्या, मग शिकवण्यांच्या. पुढे त्याच पानावर एका बांधकाम व्यावसायिकाची पूर्ण पानाची रंगीत जाहिरात येऊ लागली आणि आमचे मालक खूश झाले. एका जाहिरातीत अख्ख्या पानाचे पैसे निघत होते. वसुलीसाठी पन्नास ठिकाणी फिरावं लागत नव्हतं. सहाएक महिन्यांनी मी शहराच्या दक्षिणेकडच्या एका ओढ्यावर बातमी लिहिली. ओढ्याच्या पात्रात भराव टाकून भिंत उभी राहत होती. सात-बारा, विकास आराखड्याचा नकाशा, भरावाचे फोटो, सगळं माझ्याकडे होतं. बातमी त्या आठवड्यात लागली नाही, पुढच्याही नाही. संपादकांनी मला बोलावून सांगितलं, 'जरा थांबू.' फोन कुठून आला असेल हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तो न विचारलेला प्रश्न मला आजही टोचतो.

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर, सहकारनगर, टांगेवाले कॉलनी या भागांत पाणी घुसलं. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक माणसं गेली. मी लिहिलं होतं तो ओढा वेगळा. ती बातमी छापली असती तर पुण्यातला एखादा पूर टळला असता, असंही मी म्हणत नाही. पण ओढे बुजवले जात असताना ते आठवड्यामागून आठवडे लिहिणारं कुणी असायला हवं होतं. आमच्यासारख्या साप्ताहिकांचं कामच ते होतं, आणि ते आम्ही केलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. शहराचं साप्ताहिक वाचकांनी पाठ फिरवल्यामुळे मेलं नाही. त्याला मोकळं ठेवणारा छोटा पैसा आटला आणि त्याची जागा मोठ्या पैशानं घेतली, म्हणून ते मेलं. हार्मोनियम विकणारा माणूस संपादकाला फोन करून बातमी थांबवू शकत नाही. दोनशे छोटे जाहिरातदार एकत्र येऊनही ते करू शकत नाहीत. पूर्ण पानाचा एकच जाहिरातदार मात्र करू शकतो, आणि अनेकदा त्याला फोनही करावा लागत नाही.

पुण्याला साप्ताहिकं नवीन नाहीत. 'केसरी' १८८१ साली निघाला तो आठवड्याचं पत्र म्हणूनच. आगरकरांनी वेगळं होऊन १८८८ साली 'सुधारक' काढला, तोही साप्ताहिकच. पण पर्यायी पत्र म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर त्याआधी जावं लागतं. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' सुरू केला. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला हा माणूस भांबुर्ड्याचा. भांबुर्डा म्हणजे आजचं शिवाजीनगर, तेव्हाचं नदीपलीकडचं खेडं. पेठांमधली पत्रं ज्यांच्याबद्दल लिहीत नव्हती त्या शेतकऱ्यांचं, कारागिरांचं, मजुरांचं पत्र शहराच्या वेशीबाहेरच्या माणसानं काढलं. पैशाच्या ओढाताणीत ते फार काळ पुण्यात टिकलं नाही. १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईला नेलं, आणि तिथे ते गिरणी कामगारांचा आवाज झालं. पुण्यातल्या पहिल्या पर्यायी पत्राची ही हकिगत मला महत्त्वाची वाटते. ते बाहेरच्या माणसानं काढलं आणि पैशाअभावी शहर सोडून गेलं, या दोन गोष्टी पुढे पुन्हा पुन्हा दिसतात.

मधल्या काळात एक वाटणी झाली. १ जानेवारी १९३२ रोजी डॉ. ना. भि. परुळेकरांनी 'सकाळ' सुरू केला. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसानं अग्रलेखाइतकंच महत्त्व बाजारभावाला आणि गल्लीतल्या बातमीला दिलं. शहर दैनिकाकडे गेलं. साप्ताहिकांकडे विचार आला, देश आला, जग आलं. श्री. ग. माजगावकरांनी १९६१ साली पुण्यात 'माणूस' सुरू केलं, आणि पुढे ते साप्ताहिक झालं. त्यात अरुण साधूंची चिनी क्रांतीवरची लेखमाला आली, वि. ग. कानिटकरांची नाझी जर्मनीवरची आली. खेड्यापाड्यांतले वाचक त्या अंकांची वाट बघायचे. 'साधना' साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी मुंबईत सुरू केलं आणि नंतर ते पुण्यात आलं. स्वातंत्र्याच्या पंचविशीच्या, १५ ऑगस्ट १९७२च्या अंकात 'साधना'नं राजा ढाले यांचा लेख छापला. दलित स्त्रीवरच्या अत्याचाराची शिक्षा राष्ट्रध्वजाच्या अपमानाच्या शिक्षेपेक्षा हलकी का, हा त्यातला सवाल महाराष्ट्राला हादरवून गेला. एखाद्या दैनिकानं तो लेख छापला असता असं मला वाटत नाही.

या साप्ताहिकांबद्दल मला अपार आदर आहे. त्यांनीच मला वाचायला शिकवलं. तरीही एक गोष्ट बोलायलाच हवी. ती पुण्यातून निघत होती, पण पुण्याची नव्हती. चीनमधल्या यांग्त्झे नदीबद्दल आम्हाला जेवढं कळलं तेवढं मुठा नदीबद्दल कळलं नाही. 'माणूस' निघालं त्याच १९६१च्या १२ जुलैला पानशेत फुटलं आणि निम्मं शहर पाण्याखाली गेलं. त्या पुरानंतर शहर कसं वाढलं, कुठल्या पूरग्रस्त वसाहती कुठे गेल्या, नदीकाठच्या जमिनीचं पुढे काय झालं, हा तीस-चाळीस वर्षं पाठपुरावा करण्याचा विषय होता. तसा सलग पाठपुरावा कुठल्याच साप्ताहिकानं केला नाही. १९८६ साली 'माणूस' थांबलं. 'साधना' टिकलं, कारण त्यामागे ट्रस्ट होता, पुस्तकं होती, निष्ठावान वर्गणीदार होते. त्याचे संपादक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून झाला, त्यानंतरही अंक निघत राहिला. मोठ्या जाहिरातीवर न विसंबता साप्ताहिक चालवता येतं याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर, शनिवार पेठेत आहे.

शहराचं साप्ताहिक म्हणजे काय, हे न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस'नं दाखवलं. डॅन वुल्फ, एड फँचर आणि लेखक नॉर्मन मेलर यांनी ऑक्टोबर १९५५मध्ये ते सुरू केलं, एका छोट्या वस्तीचं पत्र म्हणून. तेव्हा रॉबर्ट मोझेस नावाचा सर्वशक्तिमान अधिकारी तिथल्या वॉशिंग्टन स्क्वेअर बागेतून मोठा रस्ता काढायच्या बेतात होता. रहिवासी उभे राहिले आणि 'व्हॉइस'नं तो विषय सोडला नाही. रस्ता झाला नाही. उलट बागेतून जाणाऱ्या मोटारीही बंद झाल्या. वेताळ टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा हा रस्ता काढायचा प्रस्ताव पुण्यात कितीदा वर आला आणि कितीदा खाली गेला हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. फरक इतकाच की आपल्याकडे प्रत्येक वेळी नव्यानं जमलेल्या नागरिकांनी जुनी कागदपत्रं नव्यानं शोधली. आधीच्या वेळी काय झालं होतं हे एका जागी लिहून ठेवणारं कुणी नव्हतं.

तिथेही पैसा छोट्या जाहिरातींचाच होता. भाड्याची घरं, जुनं फर्निचर, बँडसाठी ढोलकिया हवा. न्यूयॉर्कमध्ये घर शोधणारे लोक 'व्हॉइस' त्यासाठीच घ्यायचे आणि मग त्यातला नगरपालिकेतल्या भ्रष्टाचारावरचा लेखही वाचायचे. १९९५ साली सॅन फ्रान्सिस्कोत क्रेग न्यूमार्क यांनी 'क्रेगलिस्ट' सुरू केली. याच जाहिराती तिथे बहुतेक फुकट देता येऊ लागल्या. १९९६ साली 'व्हॉइस' फुकट वाटायला लागलं. तीन पुलित्झर मिळवलेल्या या पत्राचा छापील अंक सप्टेंबर २०१७मध्ये थांबला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये कामही थांबलं. काही वर्षांनी नव्या मालकानं ते पुन्हा सुरू केलं, पण आधीचा पसारा आता नाही. 'बोस्टन फिनिक्स' हे तसंच एक साप्ताहिक मार्च २०१३मध्ये बंद पडलं. चर्चमधल्या पाद्र्यांनी मुलांवर केलेल्या अत्याचारांची जी मालिका २००२ साली बोस्टनच्या मोठ्या दैनिकात आली आणि जगभर गाजली, त्या विषयावर 'फिनिक्स'नं आदल्याच वर्षी दीर्घ लेख छापला होता. दैनिकाकडे माणसं होती, पैसा होता, वकील होते, म्हणून ते शेवटपर्यंत जाऊ शकलं. पण दार आधी साप्ताहिकानं ठोठावलं होतं.

आपल्याकडे वेगळं काय झालं? लग्नं वेबसाइटवर गेली, खोल्या ॲपवर गेल्या, हापूस व्हॉट्सॲपवर गेला. लोकांचं यात काहीच चुकलं नाही. जी गोष्ट फुकट आणि पटकन होते तिच्यासाठी जिना चढून कोण येणार? दैनिकांनी रंगीत शहर-पुरवण्या काढल्या आणि नाटक-सिनेमाची पानंही साप्ताहिकाच्या हातून गेली. राहिली दिवाळी. मराठी नियतकालिकांचं वर्ष दिवाळी अंकाच्या जाहिरातींवर निघतं हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. पण एका अंकाच्या कमाईवर बावन्न आठवडे बातमीदार पोसता येत नाही. कवितेला आणि कथेला ती कमाई पुरते. पालिकेत रोज जाऊन बसणाऱ्या माणसाला पुरत नाही.

मित्र मला विचारतात, दैनिकं आहेत की, मग साप्ताहिक कशाला? दैनिकातले बातमीदार माझे सहकारी राहिले आहेत आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला शंका नाही. पण ज्याला दिवसाला चार बातम्या द्यायच्या आहेत तो एका फायलीमागे तीन आठवडे कसा लागणार? पालिकेचं काम आठवड्याच्या चालीनं चालतं. स्थायी समितीची बैठक दर आठवड्याला होते. तिच्यापुढे निविदा येतात, 'वर्गीकरणा'चे प्रस्ताव येतात, म्हणजे एका कामाच्या तरतुदीचे पैसे दुसरीकडे वळवायचे. महापालिका कायद्याच्या कलम ७२ ब खाली पुढच्या वर्षांचे खर्च आजच बांधून घेतले जातात. कुठल्या कामाचे पैसे कुठे गेले हे एका दिवसाच्या बातमीत कळत नाही. सहा आठवड्यांच्या कार्यपत्रिका शेजारीशेजारी ठेवल्या की कळतं. साप्ताहिकाला ती सवड असते, आणि तसं करणं त्याचं कामच असतं. १९८७च्या विकास आराखड्यात शहरात एक वर्तुळाकार मार्ग आखला होता. त्या मार्गासाठी ठेवलेल्या जागांचं इतक्या वर्षांत काय काय झालं, हे सांगायला तारखांचा नीट ठेवलेला कप्पा लागतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, नदीकाठची झाडं वाचवायला लोक जमले ते फोनमुळेच, टेकडीवरच्या मोर्च्यांचे निरोपही फोनवरूनच फिरले. हे मी मान्य करतो आणि त्या लोकांचं मला कौतुक आहे. कुठल्याही संपादकाच्या परवानगीविना हजारो माणसं एका सकाळी रस्त्यावर आली, हे आमच्या काळात शक्य नव्हतं. पण खड्ड्याचा फोटो ही तक्रार असते. रस्ता कुणी केला, दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदारानं तो स्वखर्चानं दुरुस्त करून देण्याची मुदत, किती होता, त्याच ठेकेदाराला पुढचं काम कसं मिळालं, हे कळलं की मग ती बातमी होते. फोटो टाकणाऱ्या गृहस्थाला दुसऱ्या दिवशी नोकरीवर जायचं असतं. ग्रुपवरचा विषय चार दिवसांत खाली सरकतो. महापालिकेत सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना फायली बघू द्यायची पद्धत पुण्यातच सुरू झाली, आणि काही कार्यकर्त्यांनी तिचा उत्तम उपयोग केला. पण दर आठवड्याला फायलींमागे जाणं हे कुणाचं तरी पगारी काम असायला हवं. कार्यकर्त्यांच्या जिवावर शहराची जागल करणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

या रिकाम्या जागेची किंमत आपण मोजली आहे. मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि १५ जानेवारी २०२६च्या मतदानापर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षं, हे शहर प्रशासकाच्या हाती होतं. प्रस्ताव मांडणारं प्रशासन आणि तो मंजूर करणारंही प्रशासनच. मुख्य सभेत ओरडणारा विरोधक नव्हता, स्थायी समितीत प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. ज्या काळात बाहेरून विचारणाऱ्याची सर्वांत जास्त गरज होती त्याच काळात बाहेर कुणी नव्हतं. आणि याच काळात, जानेवारी २०२५मध्ये, सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. नांदेड, किरकटवाडी, धायरी. माणसांचे हातपाय लुळे पडत होते, काही व्हेंटिलेटरवर गेली. नांदेड गाव २०२१ साली महापालिकेत आलं होतं, पण तिथल्या विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता नुसतं क्लोरीन टाकून घरोघर जात होतं. ही गोष्ट काही लपवलेली नव्हती. तिथल्या प्रत्येक बाईला ती ठाऊक होती. ती लिहायला आजार पसरण्याची वाट बघावी लागली.

२०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावं पुण्यात आली. क्षेत्रफळानं हे शहर मुंबईपेक्षाही मोठं झालं. या गावांचं पाणी, कचरा, रस्ते, कर, शाळा यांची हकिगत लिहिणारं एकही पत्र नाही. आमच्या साप्ताहिकाचाही हाच दोष होता. पेठा, डेक्कन, फार तर कोथरूड. येरवडा, ताडीवाला रस्ता, जनता वसाहत आमच्या पानावर यायची ती आग लागली किंवा पूर आला तरच. आम्ही स्वतःला पर्यायी म्हणवत होतो आणि आमचा नकाशा जुन्यांचाच होता. आज भालेकरांचा भांबुर्डा शोधायचा तर तो मांजरीत, वाघोलीत, नऱ्ह्यात, धायरीत शोधावा लागेल.

तेव्हा मागणी साधी आहे. पुण्याला शहराचं साप्ताहिक हवं आणि ते वर्गणीवर चालायला हवं. पाच हजार घरांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर महिन्याचे पाच लाख होतात. त्यात चार बातमीदार, एक संपादक, एक हिशेब बघणारा आणि जागेचं भाडं निघू शकतं. थोडे पैसे वकिलासाठी बाजूला ठेवता येतील, आणि ते ठेवायलाच लागतील. अब्रुनुकसानीची एक नोटीस छोट्या पत्राला गप्प करायला पुरते, हे मी जवळून पाहिलं आहे. शंभर रुपये म्हणजे बहुतेक सोसायट्यांमध्ये एक घर महिन्याला वॉचमनसाठी जे देतं त्याहून कितीतरी कमी. वॉचमन फाटक राखतो. फाटकाबाहेरचा रस्ता, नळाचं पाणी, टेकडी, ओढा राखायलाही माणूस लागतो आणि त्यालाही पगार लागतो. सरकारी जाहिरात घ्यायची नाही आणि पूर्ण पानाची कुणाचीच घ्यायची नाही, हा नियम पहिल्या अंकावर छापावा. वर्षाचा जमाखर्चही छापावा. परवडत नाही अशा वस्त्यांमध्ये अंक फुकट ठेवावा, वाचनालयात, रिक्षा स्टँडवर, दवाखान्यात.

हे छापील असावं की फोनवर, या वादात मला फारसा रस नाही. दोन्ही असू दे. माझा आग्रह बातमीदाराच्या पगाराबद्दल आहे. तो पगार पाच हजार ठिकाणांहून आला पाहिजे, म्हणजे त्याची बातमी थांबवायला पाच हजार फोन लागतील.

जागा पेठेत नको. धायरी फाट्याजवळ एखादा गाळा बघावा, रस्त्यावरून दिसेल असा, तळमजल्याचा, म्हणजे माणसं आत येऊन सांगतील. स्थायी समितीच्या बैठका पुन्हा सुरू झाल्या आहेत. एका बातमीदाराला दर आठवड्याला तिथे बसवावं, दुसऱ्याला फायलींमागे लावावं, आणि उरलेल्या दोघांनी पहिला अंक नांदेडच्या त्या विहिरीपासून सुरू करावा. ती त्याच रस्त्याला आहे.